घरातल्या प्राण्याला माणूस मानावे का?

रानजाई

गेल्या महिन्यात गोव्यात फोंड्याजवळ आमच्या नात्यातल्या एका घरी कुत्रीचा वाढदिवस होता. कुत्री तीन वर्षांची, गावठी आणि लॅब्राडोर यांच्या संकरातली, सगळ्या घराची लाडकी. येथे तिला चिंगी म्हणूया. त्या संध्याकाळी तिला झालरीचा गुलाबी फ्रॉक घातला होता, डोक्याला रबराने टोपी बसवली होती आणि बलकांवात (घरापुढच्या ओसरीवर) टेबलावर केक मांडून तिला खुर्चीवर बसवले होते. भोवती दहा-बारा मुले, फुगे आणि मोठ्याने लावलेली गाणी. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. ती सारखी तोंड वळवत होती, नाकावरून जीभ फिरवत होती, झोप आलेली नसताना जांभया देत होती. तिचे कान मागे चिकटले होते आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत होता. कोणीतरी म्हणाले, "बघा, कशी लाजते आहे!" सगळे हसले. मग फोटोसाठी सात वर्षांच्या भाचीने तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकून गालाला गाल लावला. चिंगी एकदा गुरगुरली; गाण्यांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही. त्यानंतर तिने मान फिरवून भाचीच्या दंडाला दात लावले.

जखम वरवरची होती. आम्ही ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि लगेच इस्पितळात जाऊन लस सुरू केली. माझी झोप उडाली ती नंतरच्या बोलण्याने. "पोटच्या मुलीसारखी वाढवली आणि वाढदिवसाच्याच दिवशी उलटली," असे घरातले सगळे म्हणू लागले. तेव्हापासून चिंगी मागच्या पडवीत साखळीला आहे. मी परवा गेले तेव्हा तो फ्रॉक धुऊन तिच्याच डोक्यावरच्या दोरीवर वाळत घातलेला होता.

तिला मुलगी मानले म्हणून तिचे भय कोणाला दिसले नाही, आणि मुलगी मानले म्हणूनच तिच्यावर कृतघ्नतेचा आरोप आला, असे मला वाटते. प्राण्याला प्राणी म्हणून वागवणे म्हणजे नेमके काय, याबद्दल आपले अनुभव जाणून घ्यायचे आहेत. हा प्रश्न मी वादासाठी मांडलेला नाही. चिंगीच्या घरच्यांशी काय बोलावे हे मला ठरवायचे आहे.


तेरेखोल

तुम्ही वर्णन केलेले प्रत्येक लक्षण म्हणजे "मला येथून जाऊ द्या" असे सांगणे होते. तिने चार-पाच वेळा विनंती केली, नंतर गुरगुरून इशारा दिला आणि अगदी शेवटी दात लावले. दातसुद्धा तिने बेताने लावले, कारण त्या आकाराच्या कुत्रीने मनात आणले असते तर जखम वरवरची राहिली नसती.


मडगावची_मावशी

रानजाईताई, तुमच्या भाचीबद्दल वाईट वाटले. मात्र तिला मुलगी मानले म्हणून हे सारे झाले, या तुमच्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. माझे वय अडुसष्ट आहे. एक मुलगा इंग्लंडात आणि दुसरा आखातात. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. घरात मी आणि माझी मांजर मनी. सकाळी मी चहा घेते तेव्हा ती समोरच्या सोप्यावर बसते, मी देवपूजा करते तेव्हा देवघराच्या उंबऱ्याशी बसते, आणि मला ताप आला तर पायथ्याशी झोपते. मी तिला बाळ म्हणते आणि तिच्याशी दिवसभर बोलते. घरात माझा आवाज ऐकणारे दुसरे कोणीच नाही. तिला "केवळ प्राणी" म्हणा असे कोणी मला सांगितले, तर या घरात माझ्याजवळ काय उरते? प्रेमाला नाव काय द्यावे हे प्रेम करणाऱ्याने ठरवावे.


कुळागरवाला

मावशी, तुमच्या नावावर कोणी आक्षेप घेऊ नये. तरी माझ्या आजीची आठवण सांगतो. आमचे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, सावईवेऱ्याच्या बाजूला. घरात नेहमी दोन-तीन कुत्रे असायचे. लहानपणी मी एका पिल्लाला ताटाशी बसवून माझ्या हाताने भरवत होतो आणि त्याने तोंड वळवले की रागावत होतो. आजी म्हणाली, "पुता, सुण्याक सुणो रावूं दी." (बाळा, कुत्र्याला कुत्रा राहू दे.) मग तिने नारळाच्या करवंटीत भात आणि माशाचा उकड घालून ती सुपारीच्या झाडाखाली ठेवली. पिल्लू आधी करवंटीभोवती फिरले, जमीन हुंगली, एकदा झाडामागे जाऊन आले आणि मगच खाऊ लागले. तो पाच मिनिटांचा वेळ मी त्याला देत नव्हतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्या काळी प्राण्याला प्राणी म्हणून वागवत असत, असे म्हणून आपण त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. आजी समंजस होती, पण त्याच वाड्यावर कुत्रीला पिल्ले झाली की मादी पिल्ले पोत्यात भरून बाजाराच्या कडेला सोडून येणारे लोक होते. रात्री राखणीला मोकळा सोडलेला कुत्रा बिबट्याने नेला तर दुसऱ्या दिवशी नवा आणायचा, इतकाच विचार व्हायचा. म्हाताऱ्या कुत्र्याला औषध घालणे ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे आजच्या लाडांना उत्तर म्हणून कालचा निष्काळजीपणा पुढे करणे मला मान्य नाही.


शब्दवेध

या धाग्यातला अर्धा गोंधळ आपल्या भाषेने निर्माण केला आहे. मराठीत "जनावरासारखे वागवले" म्हणजे छळले. गुरासारखे मारणे, कुत्र्यासारखे हाकलणे, कुत्र्याच्या मौतीने मरणे हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. जनावर शब्दातच इतकी क्रूरता भरून ठेवल्यावर ज्याला आपल्या कुत्र्यावर माया करायची आहे, त्याने त्याला माणूस म्हणण्यावाचून दुसरी वाट आपण ठेवलेली नाही. मावशींना "प्राणी" हा शब्द लागला तो यामुळेच.

"मुका प्राणी" हाही असाच शब्द. चिंगी मुकी नव्हती. तिने शेपूट, कान, डोळे, जीभ आणि अखेर गळा, इतक्या साधनांनी सांगून पाहिले.


तेरेखोल

शब्दवेध, आमच्याकडे पेडण्यात जुनी माणसे तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव घेत नाहीत, "जनावर" म्हणतात. त्या शब्दात तुच्छता नसते. भीती असते आणि आदरही असतो. जनावर दिसले की त्याला वाट द्यायची, त्याच्या वाटेत पाय घालायचा नाही. हा अर्थ आपण कुत्र्यामांजरांपर्यंत आणू शकलो तर बरे होईल.


पशुवैद्य_सत्तरी

मी गेली एकोणीस वर्षे या व्यवसायात आहे. वरच्या चर्चेत मला तातडीचे वाटते ते आधी सांगतो, कारण मायेपोटी झालेल्या चुकांमुळे दगावलेले प्राणी माझ्या टेबलावर येतात, आणि तेव्हा मालकाला काय सांगावे हे मला अजूनही कळत नाही.

पहिली चूक तापाची. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. कान आणि पोट हाताला गरम लागले की माणसाच्या मापाने तो ताप वाटतो आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. मांजराच्या बाबतीत तर ही एक गोळीही जीवघेणी ठरू शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची माणसाच्या यकृतात असलेली सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. दोन वर्षांपूर्वी एक बाई अशी मांजर घेऊन आल्या. हिरड्या तपकिरी झाल्या होत्या, तोंड सुजले होते, श्वास उथळ चालला होता. बाई रडत सांगत होत्या की लेकराला दिली तशीच अर्धी गोळी मधातून दिली. मांजर वाचली नाही.

दुसरी चूक ताटाची. आपल्या पानातले सगळे त्याला मिळावे, ही भावना मी समजू शकतो. मात्र कांदा आणि लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पाडू शकतात, आणि चॉकलेटमधले थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर जाते. वाढदिवसाच्या केकमध्ये यांतले किती काय असते, याचा विचार करावा. शिजवलेल्या कोंबडीची हाडे उभी चिरतात आणि आतड्यात रुततात.

मांजराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ते पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते; ते दीर्घकाळ मिळाले नाही तर हृदय ताणून मोठे होते आणि दृष्टी जाते. आपल्याकडे श्रावणात घरात मासळी बंद होते तेव्हा मांजरालाही दूधभातावर ठेवतात. तेवढ्या महिन्याने ते मरत नाही, पण बारा महिने शाकाहारी ठेवलेले एक मांजर माझ्याकडे भिंतीवर आपटत चालत आले होते. त्या घरातली माणसे अतिशय सात्त्विक होती आणि आपले पुण्य त्यालाही लाभावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. व्रत माणसाचे असते. मांजराने ते घेतलेले नसते.

तिसरी चूक हवेची. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. मे महिन्यात आपल्या दमट हवेत जिभेवरचे पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे त्याच्या धापाही पुऱ्या पडत नाहीत. अशा वेळी बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला हस्की किंवा आखूड नाकाचा पग पाळून त्याला दुपारी कपडे घालून मिरामारच्या वाळूवर नेणारी माणसे मी पाहतो. त्यांचे त्याच्यावर प्रेम नाही असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांनी त्याचे शरीर आपल्या शरीरासारखेच आहे असे धरले आहे.


अनघा_फोंडा

डॉक्टर, कपड्यांबद्दल एक विचारते. पावसाळ्यात रेनकोट घातला तर चालतो का? आमचा कुत्रा लाडाने घालून घेतो.


पशुवैद्य_सत्तरी

अनघाताई, फिरून येईपर्यंत चालेल. घरात आल्यावर लगेच काढा आणि अंग कोरडे पुसा. दमट कपड्याखाली कातडीला बुरशी धरते आणि गोचीड लपून बसतात. पावसाळ्याच्या आगेमागे गोचिडीच्या तापाचे रुग्ण माझ्याकडे सतत येतात. कान, काख आणि बोटांच्या मधली जागा रोज बोटांनी चाचपून पाहा. "लाडाने घालून घेतो" म्हणता, तर एकदा नीट बघा: कोट घालताना तो स्वतः मान पुढे करतो की जागच्या जागी ताठ होऊन उभा राहतो? ताठ उभे राहणे हा होकार नसतो.


किनारपट्टी

मी बाजू मांडतो ती थोडी वेगळी आहे. बार्देशच्या किनाऱ्यावर आम्ही काही मुले भटक्या कुत्र्यांसाठी काम करतो. मे अखेरीस शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळी खोपटी) उतरवले जातात, पर्यटक घटतात, आणि आठ महिने पर्यटकांच्या ताटातले खाऊन वाढलेले कुत्रे जूनच्या पावसात किनाऱ्यावर उपाशी राहतात. त्या दिवसांत भर पावसात डबे घेऊन येणारी माणसे कोण असतात? जी त्यांना "बाळ" म्हणतात, नावे ठेवतात, ज्यांच्या फोनमध्ये त्यांचे फोटो असतात, तीच. "कुत्रा तो कुत्रा" म्हणणारा मनुष्य जूनमध्ये मला तेथे दिसलेला नाही. त्यामुळे माणूस मानण्याच्या वृत्तीला सरसकट दोष देण्याआधी, तीच वृत्ती कितीतरी जीव जगवते हे ध्यानात घ्यावे.

गोव्यात रेबीजविरुद्ध झालेले कामही असेच आहे. घरोघरी आणि वाड्यावाड्यांवर फिरून, जाळ्याने पकडून, भटक्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्याची मोहीम येथे अनेक वर्षे चालली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. वाड्यावरच्या ज्या बायका कुत्र्याला हाक मारून आमच्यापर्यंत आणत, त्यांनी त्याला नाव ठेवलेले असे म्हणून तो येत असे.


रानजाई

किनारपट्टी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी लिहिताना माझ्या लक्षात आला नव्हता. एकच विचारते: तुम्ही त्या कुत्र्यांना जूनमध्ये जे देता, ते काय देता आणि कसे देता?


किनारपट्टी

सुरुवातीला बिस्किटे देत होतो, कारण आम्हाला स्वतःला बिस्किटे आवडत आणि ती नेणे सोपे. पुढे एका डॉक्टरांनी रागावून थांबवले. आता भात, कोंबडीचे उकडलेले अवयव आणि थोडे तेल असे देतो. एका जागी सगळ्यांना बोलावले तर भांडणे होतात, कमजोर कुत्र्याला खायला मिळत नाही आणि चवताळलेला कळप पाहून लोकांनाही भय वाटते. म्हणून लांब लांब ठिकाणी थोडे थोडे ठेवतो. तसेच ज्याला खाऊ घालायचे त्याचे निर्बीजीकरण करून घ्यायचे, असा नियम आमच्यात केला आहे. तुमचा प्रश्न का आला ते मला समजले. नाव आम्ही माणसासारखे ठेवतो, पण त्यांचे पोट आणि कळप समजून घ्यायला आम्हाला तीन पावसाळे लागले.


सालसेत

निर्बीजीकरणाचा विषय निघाला म्हणून माझी चूक सांगतो. आमच्या ज्युलीचे ऑपरेशन करायला घरात सर्वांचा विरोध होता. आई म्हणाली, बाईच्या जातीला एकदा तरी आईपणाचे सुख मिळायला हवे. मलाही ते पटले. दर सहा-सात महिन्यांनी ती माजावर येई, फाटकाबाहेर दहा कुत्रे जमत, आणि आम्ही तिला खोलीत कोंडून ठेवत असू. सुख देण्याच्या नावाखाली सात वर्षे आम्ही तिला वर्षातून दोनदा कैदेत ठेवले आणि पिल्लेही होऊ दिली नाहीत. आठव्या वर्षी तिच्या गर्भाशयात पू झाला. रात्री अकरा वाजता ऑपरेशन करून ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हे केले असते तर ही वेळ आलीच नसती. आईपणाची ओढ आमच्या मनातली होती. कुत्रीच्या मनात तिची वाट पाहणे नसते. माज येतो, पिल्ले होतात, ती जीव तोडून सांभाळते आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना स्वतःहून दूर करते.

आमच्या भागात धीर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, खेळत तेव्हाची गोष्टही आठवते. माझे काका झुंजीच्या बैलाला मुलासारखे ठेवीत. स्वतः शेळे खातील, पण बैलाला ताजे घालतील. संध्याकाळी त्याच्या मानेला तेल चोळतील. आणि रविवारी त्याच बैलाला शेतात दुसऱ्या बैलावर सोडतील, शिंगे मोडेपर्यंत. 1996 मध्ये उच्च न्यायालयाने धीर्योवर बंदी घातली तेव्हा काका म्हणाले, "माझ्या पोराची मर्दुमकी संपवली." बैलाला मर्दुमकी हवी होती का, हे कोणी पाहिले नव्हते.


अनघा_फोंडा

आमच्या कुत्र्याने चप्पल फाडली की तो कोपऱ्यात जाऊन मान खाली घालतो. त्याला चूक कळते, हे तर खरे ना? मग त्याला माणसासारखे मन आहेच की.


तेरेखोल

अनघाताई, यावर अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कधी खरे, तर कधी खोटेच सांगितले जाई की कुत्र्याने खाऊ खाल्ला. खाली मान, चोरटी नजर, मागे केलेले कान हे सारे दिसले ते मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने खाल्लेले असो वा नसो. उलट ज्यांनी खाल्ले नव्हते आणि तरीही बोलणी खाल्ली, त्यांच्यात ते अधिक ठळक दिसले. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती आपल्या रागाला मिळालेली शरणागती असते. तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेसाठी आता मारले, तर त्याला इतकेच कळते की मालक घरी येतो तेव्हा मारतो.


मडगावची_मावशी

म्हणजे त्यांना भावना नाहीतच, असे तुम्हा सर्वांचे म्हणणे आहे का?


तेरेखोल

मुळीच नाही, मावशी. 2015 मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्या नात्यात जे द्रव्य काम करते, तेच हे. भय, ओढ, आनंद, विरह हे सगळे त्यांच्यात आहे. ते माणसाकडून उसने आलेले नाही, त्यांचे स्वतःचे आहे. म्हणून त्यांना मान देण्यासाठी आधी माणूस ठरवण्याची गरज मला वाटत नाही.


शब्दवेध

आपल्या परंपरेतल्या तीन गोष्टी येथे शेजारी ठेवून पाहाव्यात. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले. आणि एकनाथांनी रामेश्वराच्या वाटेवर तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतली गंगा पाजली. तिन्ही गोष्टी मला प्रिय आहेत, तरी या विषयात मला एकनाथांची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. नाथांनी त्याच्यात देव पाहिला आणि तरी त्याला पाणीच दिले. गंध लावले नाही, फुले वाहिली नाहीत. गाढवाला त्या घटकेला जे हवे होते ते त्यांनी ओळखले.


पशुवैद्य_सत्तरी

शब्दवेध, तुपाच्या वाटीबद्दल वैद्य म्हणून माझा आक्षेप नोंदवून ठेवा. भावनेला नमस्कार; पण कुत्र्याला एकदम फार स्निग्ध घातले तर स्वादुपिंडाला सूज येते.


कुळागरवाला

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गोरवांचा पाडवा असतो. गुरांना आंघोळ घालून तेल लावायचे, फुलांच्या माळा घालायच्या, पोळे (धिरडी) करून त्यांच्या गळ्यात बांधायचे आणि मग रानात मोकळे सोडायचे. लहानपणी मला वाटे, इतके सजवून मग सोडून का देतात? आता वाटते, त्या दिवसाचा खरा मान त्या मोकळे सोडण्यात होता. सजावट आमच्या आनंदासाठी असे. गाय पहिल्या वळणावरच शेजारणीच्या गळ्यातला पोळा ओढून खाई.


बकुळ

मी हा धागा तीन दिवस वाचत होते. लिहावे की नाही ते ठरत नव्हते.

आमची राणी तेरा वर्षांची होती. रोज सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वळणावर वाजला की ती अंगणातून तोंड वर करून लांब सूर लावायची आणि पोदेर तिच्यासाठी पावाचा एक तुकडा फाटकाच्या खांबावर ठेवायचा. गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडे निकामी झाली. आम्ही रोज सलाइन लावत होतो. डॉक्टरांनी दोनदा अतिशय हळुवारपणे सुचवले की आता तिला वेदनेतून सोडवावे. मी त्यांना म्हणाले, माझ्या आईला मी असे इंजेक्शन दिले असते का? त्यावर ते काही बोलले नाहीत.

आईबद्दल मी म्हणाले ते खरे होते. मात्र आई शेवटच्या दिवसांत नामस्मरण करत होती, नातवाची वाट पाहत होती, आज नाही तरी उद्या बरे वाटेल असे म्हणत होती. तिच्या वेदनेला काही अर्थ लावण्याची सोय तिच्याकडे होती. राणीकडे फक्त आजचा दिवस होता, आणि तो सगळा वेदनेचा होता. एके सकाळी भोंगा वाजला आणि तिने मान उचलली नाही. कान तेवढा हलला. पोदेराने तुकडा खांबावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो मुंग्यांनी भरला. त्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला. ती माझ्या मांडीवर शांतपणे गेली.

डॉक्टरांनी पहिल्यांदा सुचवले त्या दिवसापासून त्या रात्रीपर्यंत अकरा दिवस गेले होते. ते अकरा दिवस मी तिच्यासाठी घेतले असे तेव्हा वाटत होते. ते मी माझ्यासाठी घेतले होते.


मडगावची_मावशी

बकुळ, बाळ, तू लिहिलेस ते फार बरे केलेस. स्वतःला इतका दोष देऊ नकोस.


कुळागरवाला

बकुळताई, अकरा दिवसांआधीची तेरा वर्षेही तुम्हीच दिली होती.


रानजाई

सर्वांचे मनापासून आभार मानते. हा धागा मी चिंगीच्या घरी वाचून दाखवला, विशेषतः डॉक्टरांचा आणि बकुळताईंचा प्रतिसाद. वहिनी सुरुवातीला नाराज झाल्या. "आम्ही प्रेम केले हा गुन्हा झाला का?" असे त्या म्हणाल्या. मग मी वाढदिवसाचाच व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण बंद करून पाहायला सांगितले. गाणी नसताना चिंगीचे तोंड वळवणे, जांभया, जीभ, सगळे दिसू लागले. केक कापायच्या आधीच तिने सात वेळा तोंड वळवले होते; वहिनींनी स्वतः मोजले. तिसऱ्यांदा व्हिडिओ पाहून झाल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी साखळी काढली. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे हे सांगायची मी तयारी करून गेले होते, पण त्याची वेळ आली नाही.

दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते. ते दिवस सुखरूप गेले आणि भाचीचे लसीचे डोसही चालू आहेत. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या गोधडीवर चिंगीची जागा केली आहे आणि ती तेथे असताना कोणी तिला हात लावायचा नाही, असा नियम घरात झाला आहे. सकाळी दादा तिला फिरायला नेतात तेव्हा फोन घरी ठेवतात आणि तिला हवे तेथे थांबून हुंगू देतात. पूर्वी वीस मिनिटांत संपणारी फेरी आता पाऊण तास चालते आणि घरी आल्यावर ती गाढ झोपते, असे ते म्हणतात.

भाचीबद्दल एक विचारायचे आहे. तिला चिंगीजवळ जायचे आहे आणि भीतीही वाटते. काय करावे?


पशुवैद्य_सत्तरी

भाचीने जायचे नाही. चिंगीला येऊ द्यायचे. भाचीला जमिनीवर कुशीच्या बाजूने बसवा, तोंड चिंगीकडे नको. हात खाली, तळवा उघडा, डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. मोठे माणूस शेजारी हवेच. चिंगी आली तर छातीजवळ किंवा खांद्याशी तीन वेळा हात फिरवायचा आणि थांबायचे. ती पुन्हा जवळ सरकली तर आणखी तीन वेळा. निघून गेली तर त्या दिवसापुरते संपले, हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी ती येणारच नाही असे भाचीला आधी सांगून ठेवा, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.


मडगावची_मावशी

डॉक्टर, मी पण एक विचारू का? मनीला मी रोज रात्री वाटीभर दूध देते. लहानपणापासूनची सवय. हल्ली तिला जुलाब होतात आणि मी त्यावर तिला लिंबूसाखरेचे पाणी पाजायचा प्रयत्न करते, कारण मुलांना मी तेच देत असे. ती तोंड वळवते आणि मी रागावते. आज हे सगळे वाचल्यावर वाटीकडे पाहत बसले आहे.


पशुवैद्य_सत्तरी

मावशी, मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आजपासून बंद करा आणि स्वच्छ पाण्याच्या दोन वाट्या घरात दोन ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवा. लिंबूसाखर नको, आंबट तिला आवडत नाही आणि गोड चव मांजराला कळतच नाही. तारल्या किंवा बांगडा मीठमसाला न घालता उकडून, काटे काढून थोडा द्या. दोन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, किंवा तिने खाणे सोडले, तर एक दिवसही न थांबता जवळच्या दवाखान्यात न्या.

आणि तिला बाळ म्हणणे थांबवू नका. तुमचा आवाज तिला ओळखीचा आहे.


मडगावची_मावशी

दूध ओतून टाकले. आता ती रिकाम्या वाटीजवळ बसून माझ्याकडे पाहते आहे. उद्या सकाळी नुस्तेकारीण येईल तेव्हा बांगडे घेते.